सोळा मे सेहेचाळीसचा देश

इतिहासात 'जर-तर'ला जागा नसते असे आपण शाळेत शिकतो, आणि पुढे आयुष्यभर पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते यावर वाद घालत बसतो. जयंत नारळीकरांनी तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत मराठ्यांनी जिंकलेल्या पानिपतानंतरचा हिंदुस्थानच उभा केला. कथेला ते शोभते. अभ्यास म्हणून हा उद्योग करायचा तर 'आत्याबाईला मिशा असत्या तर' या वळणाच्या अलीकडे थांबावे लागते. त्यासाठी मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. ज्या पर्यायाचा मसुदा त्या काळच्या माणसांनी स्वतः कागदावर उतरवला होता आणि जो अमलात येण्याची खरोखरची शक्यता होती, तेवढ्याच पर्यायाचा विचार करायचा.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. दिवसा हिशेबाचे काम आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक वाचनालय, असे वीस-बावीस वर्षे चालले आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण पुढाऱ्यांच्या स्वभावांपेक्षा मला कलमे, तारखा आणि आकडे यांत जास्त गोडी वाटते. १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेवर, म्हणजे आपल्याकडे जिला त्रिमंत्री योजना म्हणतात तिच्यावर, मी जे काही वाचले त्यातले बहुतेक 'योजना मोडली कोणी?' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. १० जुलै १९४६ रोजी मुंबईत नेहरूंनी पत्रकारांपुढे जे बोलले ते बोलले नसते तर फाळणी टळली असती काय? मौलाना आझादांनी आपल्या आत्मकथनात नेहरूंच्या त्या बोलण्याला दोष दिला. मुंबईचे कायदेपंडित एच. एम. सीरवाई यांनी कागदपत्रे तपासून काँग्रेसकडे बोट दाखवले. या खटल्यात आणखी एक साक्षीदार वाढवण्याची मला हौस नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. योजना मोडली नसती, तर तो देश रोजच्या रोज चालला कसा असता? पैसा कोणी गोळा केला असता, सीमा कोणी आखल्या असत्या, आणि त्यात आपण मराठी माणसे कुठे असतो?

आधी योजना काय होती ते पाहू. लॉर्ड पेथिक-लॉरेन्स, सर स्टॅफर्ड क्रिप्स आणि ए. व्ही. अलेक्झांडर हे तीन ब्रिटिश मंत्री मार्च १९४६ मध्ये हिंदुस्थानात आले. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांना सिमल्याला समोरासमोर बसवून पाहिले, जमले नाही, तेव्हा १६ मे रोजी त्यांनी स्वतःचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात स्वतंत्र पाकिस्तानची मागणी फेटाळली होती, आणि फेटाळताना आकडे दिले होते. लीगने मागितलेल्या वायव्येकडच्या प्रदेशात मुसलमान ६२.०७ टक्के होते, ईशान्येकडच्या प्रदेशात फक्त ५१.६९ टक्के. निम्म्याच्या आसपास बिगरमुस्लिम असलेला मुलूख मुसलमानांचा म्हणून वेगळा काढण्याला अर्थ नाही, असा तो युक्तिवाद होता. मग पंजाब आणि बंगाल चिरून लहान पाकिस्तान करावे काय? तेही त्यांनी नाकारले.

त्याऐवजी तीन मजल्यांची इमारत सुचवली. सर्वांत वर संघराज्य, त्याच्याकडे फक्त तीन विषय: परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण. तळाला प्रांत, त्यांच्याकडे बाकी सगळे, शेषाधिकारांसह. मधल्या मजल्यावर प्रांतांचे गट. विभाग 'अ'मध्ये मद्रास, मुंबई, संयुक्त प्रांत, बिहार, मध्य प्रांत आणि ओरिसा. विभाग 'ब'मध्ये पंजाब, वायव्य सरहद्द प्रांत आणि सिंध. विभाग 'क'मध्ये बंगाल आणि आसाम. घटना समितीत ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतांना २९२ जागा होत्या. त्यांतल्या 'अ'ला १८७, 'ब'ला ३५, 'क'ला ७०. संस्थानांना जास्तीत जास्त ९३. कोणत्याही प्रांताला दहा वर्षांनी, आणि पुढे दर दहा वर्षांनी, घटनेचा फेरविचार मागता येणार होता.

एवढ्यावर थांबले तर योजना सुबक दिसते. हिशेबाचे काम करणारा माणूस मात्र एकूण बेरजेवर समाधान मानत नाही, तो रकाने उघडतो. मी विभाग 'क'चा रकाना उघडला. बंगाल ६०, आसाम १०. मुस्लिम जागा ३६, सर्वसाधारण ३४. म्हणजे दोन सदस्य आजारी पडले तर बहुमत डळमळीत. आणि या सत्तर जणांनी केवळ गटाचीच नव्हे तर बंगाल आणि आसाम या प्रत्येक प्रांताचीही घटना लिहायची होती! आसामची घटना ज्या सभेत लिहिली जाणार त्या सभेत आसामचा वाटा एक सप्तमांश. सरहद्द प्रांतात तर काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, त्या प्रांताला 'ब' विभागात ३५ पैकी ३ जागा होत्या.

निवेदनाच्या पंधराव्या परिच्छेदात म्हटले होते की प्रांतांना गट करण्याची मोकळीक असावी. एकोणिसाव्यात म्हटले होते की विभागांनी बसून प्रांतांच्या घटना ठरवाव्यात आणि गट करायचा की नाही तेही ठरवावे. काँग्रेसने पंधरावा परिच्छेद धरला, लीगने एकोणिसावा. गटातून बाहेर पडण्याची वाट ठेवलेली होती, नाही असे नाही. नव्या घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीनंतर प्रांताच्या विधिमंडळाने ठराव करून बाहेर पडावे. पण त्या निवडणुकीचे नियम, मतदारसंघ, मताधिकार हे सगळे ठरवणार कोण? तोच विभाग. खोलीला दार आहे, पण किल्ली शेजाऱ्याकडे, असा हा प्रकार होता. गोपीनाथ बार्डोलोई आणि आसामची मंडळी यासाठीच इतकी अडून बसली. डिसेंबर १९४६ मध्ये नोआखाली जिल्ह्यात श्रीरामपूरला मुक्कामी असलेल्या गांधीजींनी आसामच्या कार्यकर्त्यांना विभागात न बसण्याचा सल्ला दिला. आणि ६ डिसेंबरला लंडनने लीगचा अर्थ योग्य असल्याचे जाहीर केले होते. 'योजना नेहरूंच्या एका वाक्याने मोडली' असे म्हणणाऱ्यांनी आसामच्या या दहा जागा डोळ्यांपुढे ठेवाव्यात असे मला वाटते. नेहरू गप्प राहिले असते तरी विभाग 'क'ची पहिली बैठक हा पेच घेऊनच भरली असती.

आता वरचा मजला. या संघराज्याच्या अधिकारांचा मसुदा प्रत्यक्ष तयार झाला होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. घटना समितीने नेहरूंच्या अध्यक्षतेखाली संघाधिकार समिती नेमली. तिचा पहिला अहवाल १७ एप्रिल १९४७ चा आहे. तो पूर्णपणे १६ मेच्या चौकटीत बसून लिहिलेला आहे आणि वाचताना गंमत वाटते, कारण तीन विषयांच्या पिशवीत जेवढे कोंबता येईल तेवढे कोंबले आहे. दळणवळणात टपाल, तार, विमानमार्ग, मोठी बंदरे. परराष्ट्र व्यवहारात तह आणि त्यांची अंमलबजावणी, नागरिकत्व. तीन विषयांना लागणारा पैसा उभा करण्याचा अधिकार योजनेत होता, त्याच्या आधाराने जकात आणि शेती सोडून इतर उत्पन्नावरचा कर. दुसरा अहवाल ५ जुलै १९४७ चा. मध्ये ३ जूनची फाळणीची घोषणा होऊन गेलेली. या अहवालात समिती सरळ म्हणते की आता फाळणी ठरलीच आहे, तेव्हा दुबळे केंद्र देशाला घातक होईल. केंद्र बलवान हवे आणि शेषाधिकार केंद्राकडे हवेत. अध्यक्ष तेच, मधले अंतर ७९ दिवसांचे, आणि दोन अहवालांत दोन वेगळे देश. मला या विषयात जे काही उमगले ते हे दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवल्यावर उमगले.

पहिल्या अहवालातला देश चालला असता का? पैशाचे बघा. सिमल्याला लीगने लेखी कळवले होते की संघराज्याला कर बसवण्याचा अधिकार कोणत्याही परिस्थितीत नको. म्हणजे संरक्षणखात्याचा पगार प्रांतांच्या वर्गणीवर. वर्गणीवर गणेशोत्सव होतो, सैन्य पोसले जात नाही, असे माझे मत आहे. नमुना म्हणून हंगामी सरकारचा अनुभव आहेच. २८ फेब्रुवारी १९४७ ला अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी अर्थसंकल्प मांडला. धंद्याच्या एक लाखाच्या वरच्या नफ्यावर २५ टक्के कर. गरिबांच्या बाजूचा अर्थसंकल्प म्हणून त्याचे समर्थन झाले आणि काँग्रेसच्या पाठीराख्या उद्योगपतींवर रोखलेला म्हणून त्यावर हल्ला झाला. शेवटी दर खाली आणावा लागला. आता योजनेतली दुसरी तरतूद त्याला जोडा. मोठा जातीय प्रश्न उपस्थित झाला तर एकूण बहुमताबरोबरच दोन्ही प्रमुख समाजांच्या हजर प्रतिनिधींचे वेगवेगळे बहुमतही हवे. लियाकत अलींचा कर हा जातीय प्रश्न की आर्थिक? घटना समितीपुरते उत्तर होते, अध्यक्षांनी ठरवावे आणि मागणी झाल्यास फेडरल कोर्टाचा सल्ला घ्यावा. पुढच्या कायमच्या विधिमंडळात हे कोणी ठरवायचे, ते निवेदनात सांगितलेलेच नाही.

हा तीन विषयांचा देश प्रत्यक्षात कुठेच अवतरला नाही असे मात्र म्हणता येत नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी संस्थानिकांपुढे सामीलनाम्याचे जे कागद ठेवले त्यांतही विषय तीनच होते: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण. १६ मेचाच सांगाडा. बाकीची संस्थाने पुढच्या दोन-अडीच वर्षांत विलीन झाली किंवा पूर्ण घटना स्वीकारून बसली. जम्मू-काश्मीर तेवढे त्या तीन विषयांपाशी रेंगाळले आणि त्यातून ३७० वे कलम आले. संपूर्ण देशच तशा कलमाखाली असता, अशी कल्पना करून पाहावी.

या योजनेत कोणाचा हिशेबच धरला नव्हता, तेही बघायला हवे. मतदारांचे रकाने तीन: सर्वसाधारण, मुस्लिम, शीख. दलितांना स्वतंत्र रकाना नाही. त्याच्या निषेधार्थ शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने जुलै १९४६ मध्ये पुण्यात विधिमंडळासमोर सत्याग्रह केला. मूलभूत हक्कांचे काय? त्यासाठी एक सल्लागार समिती नेमायची आणि ते हक्क संघराज्याच्या घटनेत घालायचे, गटाच्या की प्रांताच्या, हे तिने सुचवायचे! म्हणजे अस्पृश्यता मुंबईत गुन्हा आणि दुसऱ्या प्रांतात नाही, अशी व्यवस्था या आराखड्यात सहज बसत होती.

आणि खुद्द डॉ. आंबेडकर? मुंबई प्रांतातून निवडून येणे अशक्य झाल्यावर जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या दलित आमदारांच्या पाठिंब्याने ते बंगालमधून घटना समितीत आले. योजनेच्या नियमाने त्यांची जागा विभाग 'क'मध्ये. बंगाल-आसामची घटना लिहिणाऱ्या सत्तरांपैकी एक. १७ डिसेंबर १९४६ च्या भाषणात त्यांनी आपल्याला १९३५ च्या कायद्यातल्या केंद्राहूनही बलवान केंद्र हवे असे स्पष्ट सांगितले होते, म्हणजे योजनेच्या नेमके उलट. त्याच चर्चेत बॅ. मु. रा. जयकरांची उपसूचना होती की लीग आणि संस्थाने येईपर्यंत ध्येयविषयक ठराव पुढे ढकलावा. जयकरांना १६ मेचे दार उघडे ठेवायचे होते. ठराव पुढे ढकलला गेला, लीग आली नाही. पुढे जयकरांनी समितीचा राजीनामा दिला. फाळणीने आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्ये मुंबईतून जयकरांच्याच रिकाम्या जागेवर ते निवडून आले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. योजना टिकली असती तर ही साखळी कुठेच जुळत नाही.

मग दुसऱ्या पारड्यात काय? त्यात घालण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते जड आहे. सुमारे दीड कोटी माणसांनी घरे सोडली ती सोडावी लागली नसती. सैन्य एक राहिले असते, पंजाबचे कालवे एका प्रांताच्या ताब्यात राहिले असते. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे येऊन उल्हासनगर उभे राहिले, पिंपरीला त्यांची वसाहत झाली. त्या लोकांचे कराची आणि हैदराबाद (सिंध) सुटले नसते. तारखांचा क्रमही नीट बघावा. लीगने ६ जूनला योजना स्वीकारली. २९ जुलैला मुंबईत स्वीकृती मागे घेतली. कलकत्त्याची कत्तल १६ ऑगस्टची, नोआखाली आणि बिहार त्यानंतरचे. योजना मेल्यानंतर रक्त सांडू लागले, आधी नव्हे.

माझे मत असे की हा देश फार काळ टिकला नसता. आसाम आणि सरहद्द प्रांत यांनी पहिल्याच निवडणुकीनंतर बाहेर पडण्यासाठी झगडा मांडला असता, शिखांना 'ब' विभागात ३५ पैकी ४ जागांवर स्वस्थ बसवले नसते, आणि पहिल्या दहा वर्षांच्या फेरविचाराला 'ब' विभागातून वेगळे होण्याची मागणी आलीच असती. पण तेव्हा वाटणीचे कलम वाटाघाटीसाठी तयार असते, प्रांतांत चालती सरकारे असती, आणि नकाशावर रेघ मारायला रॅडक्लिफ यांच्यासारख्या परक्या वकिलाला पाच आठवडे दिले गेले नसते. ३ जून ते १५ ऑगस्ट ही ७३ दिवसांची घाई टळली असती. यावर कोणी युगोस्लाव्हियाकडे बोट दाखवील. १९७४ ची सैल घटना, पुढे फेरविचार, शेवटी यादवी. त्याच सुमारास चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला दोन भावांनी वाटणीपत्र करावे तसा शांतपणे वेगळा झाला. आपण कोणत्या वाटेने गेलो असतो? १९४६ च्या मे महिन्यातला हिंदुस्थान मला दुसऱ्या वाटेच्या थोडा जवळ वाटतो, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला अजिबात नाही. त्या सहा महिन्यांची किंमत लाखो लोकांनी मोजली, म्हणून या 'जर-तर'ला करमणूक म्हणायला मी तयार नाही.

राहिला आपला प्रश्न. १२ मे १९४६ ला सिमल्याची परिषद मोडली. त्याच दिवशी बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. चारच दिवसांनी १६ मेचे निवेदन आले आणि त्या निवेदनाच्या देशात हा ठराव कोणाकडे न्यायचा हेच कळेना असे झाले असते.

प्रत्यक्षात काय झाले ते आपल्याला माहीत आहे. घटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, संमती लागत नाही. म्हणून आपला लढा दिल्लीच्या दारात गेला. दिल्लीने आधी नाकारले, १९५६ मध्ये द्वैभाषिक माथी मारले, एकशे सहा हुतात्मे झाले, आणि १ मे १९६० ला त्याच दिल्लीने लेखणी उचलली. दिल्लीवर राग धरण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण ती लेखणी तिच्याकडे होती, आणि ती ५ जुलैच्या अहवालातल्या बलवान केंद्रातून आली होती.

१६ मेच्या संघराज्याकडे प्रांतांच्या सीमा हा विषयच नाही. फार तर 'अ' विभागाने आपला मजबूत गट केला असता आणि मुंबई प्रांत व मध्य प्रांत यांच्यातली सीमा त्या गटाने हलवली असती. मराठवाडा मात्र हैदराबाद संस्थानात. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाचे, आणि तीन विषय दिले की बाकी कारभार संस्थानिकाचा, असे योजनाच सांगते. कोल्हापूर वेगळे. सांगली, मिरज, औंध, फलटण अशी दक्षिणी संस्थाने वेगळी. ती ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ ला विलीन झाले ते बलवान दिल्लीच्या दडपणाखाली.

वऱ्हाडचे तर विचारूच नका. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे चार जिल्हे कारभाराने मध्य प्रांतात, पण कागदोपत्री निजामाच्या मालकीचे. १९०२ मध्ये कर्झनने वार्षिक २५ लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले होते. १९३६ च्या कराराने निजामाचे स्वामित्व पुन्हा मान्य केले आणि त्याचा वारस 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवू लागला. ब्रिटिशांची अधिसत्ता संपेल तेव्हा संस्थानांशी झालेले असे व्यवहारही संपतील, असे त्रिमंत्र्यांनी संस्थानिकांना लेखी कळवलेले होते. निजामाने १९४७ मध्ये वऱ्हाड परत मागितलेच. आपल्या इतिहासात ती मागणी सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईने निकालात निघाली. पण तीन विषयांच्या संघराज्याला, ज्यात मोठ्या जातीय प्रश्नावर दोन्ही समाजांचे बहुमत लागते, हैदराबादेत सैन्य पाठवता आले असते काय? मला तसे वाटत नाही.

म्हणजे त्या देशात बेळगावचा ठराव घेऊन निघालेल्या माणसाला मुंबई, नागपूर, हैदराबाद, कोल्हापूर आणि सांगली-मिरजेपासून फलटणपर्यंतच्या संस्थानिकांचे वाडे, असे एकेक दार ठोठवावे लागले असते, आणि यांपैकी एकानेही नाही म्हटले तर पुढे दाद मागायला वरचा दरवाजा नव्हता.